लेझर कटरजवळ कोणता अग्निशामक ठेवावा?

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास त्यातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले साठहून अधिक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गासड्या होत्या. आग कापसात लागली होती आणि आत नेमकी कुठे धुमसते आहे, हे वरून पाणी मारणाऱ्यांना कळत नव्हतं. आत धुमसणारी आग ही गोष्ट लक्षात ठेवा, माझ्या विषयात ती पुन्हा येणार आहे.

कार्यकारिणीने मला हा विषय का दिला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरी लेझर कटर आहे. मी आणि माझी सून त्यावर एमडीएफचे मखर, दारावरच्या पाट्या, रांगोळीचे साचे कापतो. गेल्या सर्वसाधारण सभेत त्याबद्दल प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. आमच्या डोक्यावर पाच मजले आहेत, जिना एकच आहे, आणि बरोबर वरच्या घरात आठ महिन्यांचं बाळ आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आहेत. सभेने विचारलं, "आग लागली तर तुमच्याकडे काय आहे?" त्याचं उत्तर आज द्यायचं आहे. ते पटलं नाही, तर मशीन घरातून हलवायची माझी तयारी आहे. आधीच सांगून ठेवतो.

मशीन काय करतं

आमच्या मशीनमध्ये काचेची नळी आहे. तिच्यात कार्बन डायऑक्साइड आणि आणखी एक-दोन वायू असतात. त्यातून हजारो व्होल्टची वीज सोडली की डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो. आरशांवरून फिरवून तो भिंगातून एका बारीक ठिपक्यावर आणला, की तिथलं लाकूड वाफ होऊन उडतं. नळी ४० वॅटची आहे. जुना पिवळा बल्बसुद्धा ६० वॅटचा असायचा, मग यात एवढं काय, असं कुणीतरी म्हणालं होतं. बल्बचा उजेड आणि उष्णता खोलीभर पसरते, इथे सगळी उष्णता टाचणीच्या टोकावर येते. सूर्याखाली भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. हे तेच, फक्त न ढळणारं.

म्हणजे हे मशीन नीट चालतं तेव्हाही जाळण्याचंच काम करत असतं. ते ज्योत धरत नाही याची कारणं दोन. डोकं सतत पुढे सरकत असतं आणि छोट्या पंपाची हवा कापाच्या जागी फुंकर घालत असते. यातलं एक जरी बिघडलं तरी ज्योत उभी राहते. पंप बंद पडला, पट्टा घसरून डोकं एका जागी अडकलं, संगणक मध्येच झोपला आणि किरण चालूच राहिला, जाळीखाली आधीच्या कामाचे तुकडे साचून राहिले, एक्झॉस्टच्या पाइपात काजळी आणि चिकटा बसला. आगी लागतात त्या बहुतेक अशा साध्या कारणांनी. बाजारात हल्ली निळ्या किरणाची छोटी, उघडी मशीनंही मिळतात. त्यांना झाकण नसतं, एवढाच फरक. आगीची कारणं तीच.

आता कापायचा माल. लाकूड, प्लाय आणि एमडीएफ जळून निखारा धरतात. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि पेटलेले थेंब खाली टपकतात. थर्मोकोल तर बघता बघता पेटतं, ते मशीनखाली घालूच नये. आपण ज्याला सनबोर्ड म्हणतो ती बहुतेक वेळा पीव्हीसीची शीट असते, रेक्झीनही बरंचसं पीव्हीसीच. ते कापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. छातीला वाईट आणि मशीनलाही गंज. शाळेच्या प्रोजेक्टसाठी सनबोर्ड कापून द्या म्हणून मुलं येतात, त्यांना मी परत का पाठवतो, त्याचं कारण हे. कंजूषपणा नाही, मंडळी!

अक्षरांचा घोळ

सिलिंडरवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे ए म्हणजे लाकूड, कागद, कापड अशा घन वस्तूंची आग. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, थिनर असे द्रव. सी म्हणजे जळणारे वायू, उदाहरणार्थ आपला स्वयंपाकाचा गॅस. डी म्हणजे धातूंची आग. विजेला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही. अमेरिकेत मात्र सी म्हणजे विजेच्या उपकरणांची आग. तिकडचे व्हिडिओ बघून इकडे सिलिंडर घेणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. विजेच्या वस्तूवर चालेल की नाही, हे लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं. ते वाचायचं. आयएसआय चिन्ह आहे का, तेही बघायचं. पोर्टेबल अग्निशामकांचं मानक आयएस १५६८३ आहे.

मग लेझर कटरची आग कोणती? सुरुवातीला ती ए वर्गाची असते, कारण पेटलेलं असतं लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक. पण ते चालू विजेच्या पेटीत पेटलेलं असतं. घोटाळा इथेच आहे. ए वर्गाला सगळ्यांत चांगलं पाणी, आणि हजारो व्होल्टच्या पेटीत पाणी ओतायचं नसतं.

तीन पर्याय

पहिला पर्याय, आपल्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर आहे तो एबीसी पावडरचा. पिवळसर पूड, वर गोल काटा. त्यात मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते गरम पृष्ठभागावर वितळून थर धरतं आणि निखाऱ्याचा हवेशी संबंध तोडतं. आग विझवायला तो उत्तम. पण पूड आरशांवर, भिंगावर, सर्किटवर बसते, दमट हवेत पाणी धरते आणि धातू खाते. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. दुसरं म्हणजे, बंद खोलीत दांडा दाबला की क्षणात समोरचं दिसेनासं होतं. एवढ्याशा ज्योतीसाठी पूड मारायची म्हणजे मशीनवर पाणी सोडायचं. त्यामुळे होतं काय, माणूस कचरतो. "एवढ्याशासाठी कशाला," म्हणून फुंकर मारत बसतो, आणि तेवढ्यात आग वाढते. वापरताना ज्याचं दुःख होतं तो सिलिंडर वेळेवर वापरला जात नाही. ही गोष्ट कुठल्याच लेबलवर छापलेली नसते.

दुसरा पर्याय कार्बन डायऑक्साइडचा. काळा मोठा कर्णा, काटा नाही. नळीतला वायू आणि सिलिंडरमधला वायू एकच, पण कामं उलटी. हा वायू विजेवर चालतो आणि मागे काहीच ठेवत नाही. मशीन पुसून पुन्हा चालू करता येतं, त्यामुळे हात कचरत नाही. झाकण असलेल्या मशीनच्या पेटीत तो थोडा वेळ टिकून राहतो, हाही फायदा. दोष असा की तो ज्योत घालवतो, निखारा थंड करत नाही. एमडीएफच्या कडेला लाल ठिपका राहिला, तर वायू पांगल्यावर तो पुन्हा पेटतो. गोदीतल्या कापसाची गोष्ट इथे लागू पडते. वरून विझलेलं आतून विझलेलं असेलच असं नाही.

तिसरा पर्याय म्हणजे क्लीन एजंटचे सिलिंडर. सर्व्हर रूममध्ये ठेवतात ते. तेही काही मागे ठेवत नाहीत, पण महाग आहेत आणि भरून मिळायला सोपे नाहीत. घरासाठी मी ते बाजूला ठेवले.

छताला टांगायचा, उष्णतेने काचेचा बल्ब फुटून आपोआप सुटणारा पावडरचा गोळा का नको, असंही सुचवलं गेलं. त्यातला लाल बल्ब ६८ अंश सेल्सियसला फुटतो. छताजवळची हवा एवढी तापेपर्यंत खाली मशीन आणि टेबल पेटलेलं असणार. ज्या खोलीत माणूस नसतो तिथे त्याचा उपयोग आहे. आमचा नियम आहे की माणूस नसेल तर मशीनही बंद.

मोठा घेतला म्हणजे चांगला?

कार्बन डायऑक्साइड ठरला, तर किती किलोचा? दुकानदार साडेचार किलोचा सुचवतात. मी हिशेब मांडला. आमची खोली १० फूट बाय १० फूट, उंची ९ फूट. म्हणजे ९०० घनफूट, साधारण २५ घनमीटर हवा. दोन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्यावर सुमारे १.१ घनमीटर जागा घेतो. अख्खा सिलिंडर रिकामा केला तर खोलीच्या हवेत तो चार टक्क्यांच्या थोडा वर जातो. औद्योगिक सुरक्षेत चार टक्के ही पातळी जिवाला तात्काळ धोका मानतात. साडेचार किलोचा रिकामा केला असता तर हेच प्रमाण नऊ-दहा टक्क्यांवर गेलं असतं. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली वाकून उभ्या असलेल्या माणसाला आधी भोवतो.

म्हणून आम्ही दोन किलोचा घेतला. तोही वापरला की लगेच खोलीबाहेर यायचं, असं ठरवून. दुसरं कारण वजन. दोन किलोचा म्हणजे आतला वायू दोन किलो. पोलादी बाटलीसकट तो सहज तिप्पट भरतो. साडेचार किलोचा तर दहा किलो तांदळाच्या पिशवीपेक्षा जड. मशीनवर सून बसते, कधी माझी पत्नी. त्यांना एका हाताने उचलता येत नाही तो सिलिंडर आमच्या घरात नसल्यासारखाच.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो. खोलीच्या दाराजवळ, कमरेएवढ्या उंचीवर, दोन किलोचा कार्बन डायऑक्साइड. मशीनच्या वर किंवा मागे नाही, कारण तो घ्यायला आगीवरून हात घालावा लागता कामा नये. बाहेर पॅसेजमध्ये चार किलोचा एबीसी पावडर. मशीनशेजारी पाण्याची फवारणीची बाटली आणि जाड सुती टॉवेल, ही वीज बंद केल्यानंतर निखाऱ्यासाठी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकच मोठा स्विच. तो बंद केला की लेझर, हवेचा पंप आणि एक्झॉस्ट तिन्ही थांबतात. पंप आगीला हवा पुरवतो आणि एक्झॉस्ट ज्योत पाइपात ओढतो, म्हणून तिन्ही एकदम बंद व्हायला हवेत.

वेळ आली तर

क्रम घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. आधी स्विच. झाकण बंदच ठेवायचं, कारण पुष्कळदा छोटी ज्योत हवा न मिळून तिथेच मरते. ज्योत टिकली तर ओरडून घरातल्यांना सांगायचं. सिलिंडर काढायचा, पिन ओढायची, दाराकडे पाठ ठेवून झाकण थोडंसं उचलायचं आणि फटीतून ज्योतीच्या बुडाशी सोडायचा. अगदी जवळून मारला तर जोराने पेटलेले तुकडे खोलीभर उडतात, म्हणून तीन-चार फुटांवरून. कर्ण्याला हात लावायचा नाही. हा वायू उणे ७८ अंशांचा बर्फ होऊन बाहेर पडतो, कातडी चिकटते. मुठीनेच धरायचं. दोन किलोचा सिलिंडर साधारण आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून हवेत मारून बघायचा नाही.

ज्योत गेली की झाकण बंद करून बाहेर, खोलीची खिडकी उघडलेली. हवा खेळल्यावर परत येऊन, प्लग काढून, काळं पडलेलं सगळं फवाऱ्याने भिजवायचं. त्यानंतर निदान अर्धा तास तिथेच बसायचं. चहा तिथेच आणायचा.

आग पेटीबाहेर आली, टेबल किंवा पडदा धरला, तर पावडर. तिथे मशीनचा विचार नाही. मशीन जातं, घर राहतं. आणि पावडरनेही आटोक्यात आली नाही, किंवा छताखाली धूर साचून खाली उतरू लागला, तर सिलिंडर खाली ठेवून निघायचं. खोलीचं दार ओढून घ्यायचं, हे विसरायचं नाही. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं. मजल्यावरच्या बेल वाजवत, जिन्याने, लिफ्टने नाही. १०१ किंवा ११२. वरच्या आजींना उतरवायला कोण जाणार, हे मी त्यांच्या मुलाशी बोलून ठरवलं आहे. पण ती यादी फक्त आमच्या वरच्या घराची नको, अख्ख्या इमारतीची हवी. ज्यांना जिना उतरता येत नाही अशी माणसं कुठल्या घरात आहेत, हे वॉचमनच्या केबिनमध्ये लिहिलेलं असावं. ही माझी सोसायटीला विनंती आहे.

देखभाल

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आपली सोसायटी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून 'फॉर्म बी' देते. पण घरातल्या सिलिंडरकडे आपणच बघायचं. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, हे येता-जाता दिसतं. कार्बन डायऑक्साइडला काटाच नसतो. तो भरलेला आहे की रिकामा, हे वजन केल्याशिवाय कळत नाही. बाटलीवर रिकामं वजन कोरलेलं असतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला, म्हणजे दोन किलोत दोनशे ग्रॅम, की भरून आणायचा. रद्दीवाल्याच्या काट्यावर नको, किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा. आणि एकदा दाबलेला सिलिंडर, दोन सेकंद का असेना, पुन्हा भिंतीवर लटकवायचा नाही.

काही प्रश्न

कुणी विचारलं, "एवढं सगळं ठेवलंत, म्हणजे आता काळजी नाही ना?" काळजी आहे, ताई. सिलिंडर ही शेवटची गोष्ट आहे. लेझर कटर चालू असताना शेजारी बसलेला माणूस हाच खरा अग्निशामक. ज्योत उठली त्या क्षणी स्विच बंद करणारा माणूस समोर असेल, तर सिलिंडरची पिन बहुधा ओढावीच लागत नाही. तो माणूस फोन घ्यायला गॅलरीत गेला असेल, तर बाहेर कितीही किलोचा सिलिंडर असला तरी उपयोग नाही.

दुसरा प्रश्न होता गणपतीच्या दिवसांचा. मखरांच्या ऑर्डरी तेव्हाच येतात, रात्र रात्र मशीन चालवायचा मोह होतो. म्हणून मी कार्यकारिणीला लेखी दिलं आहे: रात्री नऊनंतर मशीन चालणार नाही. चालू असताना खोलीत एक मोठं माणूस बसलेलं असेल. जाळी आणि पाइप दर आठवड्याला साफ होईल. पीव्हीसी आणि थर्मोकोल कापलं जाणार नाही. सिलिंडरच्या वजनाची नोंद दर तीन महिन्यांनी सोसायटीच्या फाइलला लावेन. यातलं एक जरी मोडलं, तर परवानगी रद्द करायचा अधिकार कार्यकारिणीला आहे. निर्णय सभेचा. पण आमचं मशीन राहो वा जावो, घरोघरी आता इस्त्र्या आहेत, इन्व्हर्टर आहेत, देवघरातल्या समया आहेत. निदान एक सिलिंडर आणि तो उचलता येईल असा एक माणूस प्रत्येक घरात हवा.

शेवटची सूचना. जिन्यातले तीन सिलिंडर या महिन्यात भरायला जाणार आहेत. भरायला जाताना ते रिकामे करावेच लागतात. सचिवांशी बोलून ठरलं आहे की रविवारी सकाळी आठ वाजता ते गच्चीवर आपणच वापरून रिकामे करायचे. पिन ओढायला किती जोर लागतो आणि हाताला धक्का कसा बसतो, हे एकदा कळलं की भीती जाते. ज्येष्ठ मंडळींनी आणि विशेषतः घरातल्या बायकांनी यावं, कारण दिवसा घरात त्याच असतात. पायात बूट घाला, जुने कपडे घाला, आणि वाळत घातलेले कपडे शनिवारीच काढून न्या. पावडर सगळीकडे बसते.